पाव फेरीनं वाचलो मी

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय, पण जाडी विचाराल तर तुमच्या केसाच्या हजाराव्या भागाएवढीच. हसू नका! मी लोखंड आणि कार्बन यांचा पातळ थर आहे, नखाएवढ्या चकचकीत सिलिकॉनच्या तुकड्यावर बसलेला. कागदोपत्री नाव लोह कार्बाइड.

जन्म एका स्टीलच्या टाकीत. आतली हवा पंपानं ओढून काढली, मग लोखंडाचे आणि कार्बनचे अणू उडाले आणि तुकड्यावर येऊन बसले. बसले कसले, कोसळले! शाळा सुटल्यावर फाटकात होते ना, तशी गर्दी. मग मला भट्टीत घातलं. ऊब लागली तसे सगळे सरकले आणि गुमान जागेवर लागले. तीन लोखंडांमागे एक कार्बन, शेवटपर्यंत हाच हिशोब. क्ष-किरणांनी माझी आतली मांडणी तपासली, तेव्हा ताई खुर्चीतून उठून नाचलीच.

ताई म्हणजे मला बनवणारी, प्रयोगशाळेत संशोधन करणारी. माझ्याआधीचे अकरा भाऊ वाया गेले होते. कुणाचे पोपडे निघाले, कुणी गंजला. तिच्या मॅडमनी सांगून टाकलं होतं, "हा शेवटचा. यात चुंबकाची ताकद दिसली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून दुसरा विषय घ्यायचा."

मला चुंबकाची ताकद मोजायच्या मशीनमधल्या एका दांडीच्या टोकाला चिकटवलं आणि दोन जाडजूड चुंबकांच्या मधे लटकवलं. दांडी थरथरते, आपण ताकद दाखवायची, आणि पडद्यावर रेघ चढते. चढते कुठली! आजारी माणसासारखी आडवी पडली. मी जीव तोडून जोर लावतोय आणि ताई डोळे पुसत म्हणते, "याच्यात काही दमच नाही."

असा संताप आला ना! अगं बाई, मला लावलंयस कसं ते बघ आधी! पण बोलणार कसा?

तेवढ्यात ते मशीन सांभाळणारे काका चहाचा कप घेऊन आले. वाकून बघितलं.

"ताई, याचं तोंड चुंबकाकडे का केलंय?"

"मग? पावडर आपण कशीही ठेवतो की."

"पावडर ठेवा हो कशीही. हा थर आहे. याची ताकद अंगाच्या सपाटीत लोळत पडलेली असते. समोरून ओढलं तर उठतोय होय तो?"

"काका, तीन वर्षं मी नुसती पावडरच मोजलीय."

"तेच तर! सरका बाजूला."

काकांनी दांडी पाव फेरी फिरवली. बस! माझी कड चुंबकाकडे झाली आणि रेघ सुसाट वर गेली. ताई "मॅडम! अहो मॅडम!" करत धावली, एक चप्पल दारातच राहिली.

"अगं हळू! आले मी," मॅडम आल्या, पडद्याकडे बघत राहिल्या. "सोमवारी हेच पुढे चालू."

"आणि माझा चहा गार झाला, त्याचं काय?" काका म्हणाले. तिघंही खो खो हसले.

पुढे माझी रेघ चार ठिकाणी छापून आली. आता मी कपाटात, डबीत असतो. महिनोन्महिने कुणी झाकण उघडत नाही, पण मी काही रडत बसत नाही. माझ्यानंतर ताईनं माझे चाळीस भाऊ बनवले, आणि प्रत्येकाला आधी फिरवून बघितलं.

तुम्हीही तेवढं करा, मित्रांनो. कुणाला नापास करायच्या आधी एकदा फिरवून बघा. आणि मला उचलायचंच झालं तर कडेनं धरा, तेही प्लास्टिकच्या चिमट्यानं. लोखंडी चिमट्याचे कण मला चिकटतात आणि त्यांचा जोर माझ्या नावावर मोजला जातो. उसना जोर नको मला. माझा मला भरपूर आहे.