श्वास, क्लच, गिअर

मी चिडकी आहे ही अफवा माझ्याच चेहऱ्याने पसरवली. दिरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी गाडी शिकवते. साठी उलटली, पाळी जाऊनही जमाना झाला, तरी अंगातून वाफा उठायच्या काही थांबत नाहीत. शिकणाऱ्याचं काहीतरी चुकतं आणि नेमकी तेव्हाच माझी भट्टी पेटते. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, आणि शेजारच्याची पाचावर धारण.

हार्मोनच्या गोळ्या मला चालत नाहीत. पायात एकदा रक्ताची गाठ झाली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यावर कायमची फुली मारली. मग उरलं काय, तर सुती कपडे, एकावर एक, म्हणजे भर रस्त्यात वरचा काढता येतो. मानेला लावायला गार पाण्याची बाटली. कोमट चहा, ज्यात काडीची मजा नाही. आणि सावकाश श्वास.

तक्रारी दिरांपर्यंत पोचल्याच.

"वहिनी, तुम्ही आता काउंटरवर बसा," ते म्हणाले.

काउंटर म्हणजे काचेचं खुराडं. तिथे मी शिजूनच निघाले असते. शिवाय मला हे काम आवडतं. घाबरट माणसाला पहिलं वळण जमतं, तेव्हाचा त्याचा चेहरा बघायला तर फारच आवडतो.

"आधी मागच्या सीटवर बसून बघा, मग काय ते ठरवा," मी म्हटलं.

ते बसले. चालवायला दातांची डॉक्टर होती. लोकांच्या तोंडात बिनधास्त हात घालणारी ही बाई चौक आला की लटपटायची. सिग्नलला गाडी बंद पडली आणि माझी भट्टी पेटली. मी जाकीट काढलं, बाटली मानेला लावली, सावकाश श्वास सोडला. तिनेही सोडला. मग क्लच, मग गिअर, आणि गाडी एकही धक्का न देता निघाली.

"हे श्वासाचं काय?" दिरांनी विचारलं.

"मॅडमची पद्धत आहे ती," दातांची डॉक्टर म्हणाली. "आम्ही सगळे असंच शिकतो."

फुकटचं श्रेय घ्यायचा मोह झाला, पण त्याने चिडकेपणाचा शिक्का पुसला नसता, आणि नोकरीचा प्रश्न होता.

"पद्धत कसली डोंबलाची. मला उकडतं, भावोजी. पाळी गेली तरी वाफा राहिल्यात. मी चिडत नाही. चिडले की मी गप्प बसते, तुमच्या दादांना विचारा."

दीर पुढच्या दोन सीटच्या मधून वाकले. मग हळूच म्हणाले, "आमची हीसुद्धा हल्ली अशीच लाल होते. मला वाटायचं, माझ्यावर रागावलीये. वर्षभर खाली मान घालून जेवतोय मी. म्हणजे नुसतं उकडत होतं तर."

"उकडतंच आहे तिला," मी म्हटलं. "पण रागावलीयेही. वर्षभरात एकदाही विचारलं नाहीत म्हणून."



"काउंटर मी बघतो," दीर म्हणाले. "आता जरा आमच्या घरावरून गाडी घ्या."

आम्ही त्यांना दारात सोडलं. आत जायच्या आधी ते बराच वेळ पायपुसण्यावर पाय पुसत उभे होते.