शांत झाली की

ब्रिसानं जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं, पाठोपाठ टेबल उलथवलं, तशी वांडा कुबिचेक झटकन मागे सरली. उजवं मनगट तिनं नकळत पोटाशी धरलं. हाड जुळून आलं होतं, पण मनातली धास्ती काही गेली नव्हती.

उन्हाळ्यात याच पोरीनं तिला ढकललं होतं. वांडा पडली, मनगट मोडलं, डोकं फरशीवर आपटलं. लांबलचक रजा संपवून ती आजच कामावर आली होती. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या त्या बालसुधारगृहात, मुलींच्या विभागात, तिची अर्धी हयात गेली होती. नवरा वारल्यावर तर घरापेक्षा तिला इथंच करमायचं.

दोघा रक्षकांनी ब्रिसाला उचलून कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. सकाळी तिच्या आईचा फोन आला होता. कामावर, कत्तलखान्यात, जादा पाळी लागली, या रविवारीही भेटायला येणं जमत नाही म्हणून.

"राहू दे आठवडाभर आत," वांडा म्हणाली. "डोकं येईल ठिकाणावर."

"ते दिवस गेले, बाई," ड्वेन म्हणाला. तो तिचा वरिष्ठ, वयानं मुलासारखा. "तुम्ही रजेवर होता तेव्हा नवा कायदा आलाय. शिक्षा म्हणून पोरांना एकटं कोंडायचं नाही. अंगावर येतेय तोवरच आत, शांत झाली की बाहेर. आणि तोवर कुणीतरी दाराशी बसायचं."

"आणि शांत झाली हे ठरवायचं कोणी?"

"जो बसलाय त्यानं. म्हणजे आत्ता तुम्हीच. आम्ही बाकीच्या पोरींना आवरतो."

"कायदे करणाऱ्यांना म्हणावं, एकदा या इकडं लाथा खायला!"

ड्वेन हसला आणि किल्ली तिच्या हातात ठेवून गेला.

वांडा खुर्ची ओढून बसली. आतून दारावर लाथा बसत होत्या, शिव्यांची लाखोली चालली होती. मग नुसतं रडणं. मग तेही थांबलं.

आता उठायला हवं होतं. वांडा उठली नाही. संध्याकाळपर्यंत बसून राहिली असती तरी कोण विचारणार होतं? मनगट ठणकत होतं. खिडकीबाहेर कापणी झालेली मक्याची रानं उघडीबोडकी पडली होती. ती तिकडंच बघत राहिली.

"कोणी आहे का?" आतून आवाज आला.

वांडानं नजर रानावरून हलवली नाही.

"आहे का कोणी?"

"आहे."

"वांडाबाई? जाऊ नका ना."

"नाही जात. बसायचा हुकूमच आहे."

पोर दाराला घासत खाली बसली. मग दाराच्या अगदी खालून, जमिनीलगत बोलू लागली.

"मागच्या वेळी कोंडलं तेव्हा कोणीच नव्हतं. ताट सरकवायचे आणि जायचे. मी विचारायची, बाई कशा आहेत? कोणी बोलायचंच नाही. तुमचं डोकं आपटलं तो आवाज मी ऐकला होता. मला वाटलं, तुम्ही गेलात."

"गेले म्हणजे?"

"मेलात. मी मारलं तुम्हाला. बाहेर काढल्यावर एका पोरीनं सांगितलं, म्हातारी जिवंत आहे म्हणून. तोवर मी रोज... एकटीच होते ना."

इस्पितळात पडल्या पडल्या वांडानं ऐकलं होतं की पोरीला अजून त्या खोलीतून बाहेर काढलेलं नाही. आणि तिला बरं वाटलं होतं. तिनं खुर्ची दाराशी ओढली.

"जिवंत आहे बाई म्हातारी," ती म्हणाली. "चांगली धडधाकट आहे."

"हात?"

"थंडीत दुखतो."

"मी मुद्दाम नव्हतं..."

"ढकललंस मुद्दामच. मोडला तो मुद्दाम नाही. माहितीय मला."

आतून हुंदका आला, की हसू, कळलं नाही.

वांडा गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं किल्ली फिरवली. वर्षानुवर्षं तिनं पोरींना दरडावून एकच सांगितलं होतं: आधी भिंतीकडं तोंड. आज तिनं नुसतं दार उघडलं. ब्रिसा जमिनीवरच बसली होती. डोळे सुजलेले, मोज्यांवर सांडलेलं कालवण.

"चल," वांडा म्हणाली. "टेबल सरळ करायचंय. मला एकटीला उचलवणार नाही."

पोर उठली. नियमाप्रमाणं तिनं पुढं चालायचं आणि वांडानं चार हात मागून. ती पुढं निघालीही. पण वांडाचे गुडघे धरले होते, ती रेंगाळत येत होती. मागं वळून न पाहता ब्रिसानं आपली पावलं आखूड केली, आणखी आखूड केली, आणि दोघी बरोबरीनं जेवणाच्या दालनाकडं चालू लागल्या.