पडद्यावरचा चढ

सकाळच्या तालमीत पडद्यावर डोंगर सुरू झाला आणि तिने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. खरा हात प्रोजेक्टरच्या दांड्यावर होता. बाबांची गाडी घाटाचा चढ अशी चढत होती, जणू सपाटीवर फेरफटका मारायला निघाली आहे.

"चढ कुठे गेला?" तिने नवऱ्याला विचारलं.

नवरा कॅमेरावाला. इंजिनाच्या तोंडाशी स्वतःला बांधून त्याने हे चित्र घेतलं होतं. "कॅमेऱ्याचा दांडा फिरवताना मी गाणं गुणगुणतो, म्हणजे वेग सारखा राहतो," तो ओशाळून म्हणाला. "तिथं माझंच गाणं मला ऐकू येईना. हात इंजिनाच्या ठेक्याला लागला असणार."

म्हणजे गाडी मंदावली तसा याचा हातही मंदावला, चित्रं कमी निघाली, आणि पडद्यावर चढ-सपाटी सगळं एकाच वेगाचं झालं. पुन्हा घ्यायची सोयच नव्हती. ती बाबांची शेवटची फेरी होती. एकतीस वर्षं त्या चढावर इंजिन हाकलेला माणूस आज दुपारी तीनला जुन्या सोबत्यांना, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनलाही, घेऊन पहिल्या रांगेत बसणार होता.

"लोकांना काय कळतंय?" नवरा म्हणाला.

"बाबांना कळेल. तू दारावर थांब. चढ मी आणते."

यात फुशारकी नव्हती. तिचं बालपण त्या चढाच्या पायथ्याशी, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं होतं. गाडी कुठल्या वळणावर आहे, हे ती पोळी लाटता लाटता इंजिनाच्या धापेवरून सांगायची.

तीनला दिवे मालवले. पुलापर्यंत तिने दांडा झपझप फिरवला. पूल सरला तसा हात सैल सोडला. पहिल्या वळणावर आणखी. काळा कडा आला तेव्हा तिच्या कानात ती जुनी धाप स्पष्ट वाजत होती आणि हात त्या धापेच्याच मागे चालला होता. पडद्यावरचा डोंगर जड झाला. एकेक झाड रेंगाळत मागे जाऊ लागलं. आता गाडी थांबतेय की काय, असं वाटून बघायला आलेल्या बायकांनी श्वास रोखले.

पहिल्या रांगेत बाबा पुढे झुकले. उजवी मूठ हवेतच आवळली गेली.

"कोळसा," ते हळूच म्हणाले.

आणि शेजारी बसलेला त्यांचा फायरमन, अठरा वर्षांच्या सवयीने, खुर्चीतून उठला.