दिग्नाचा डावा हात

मी तोंडाळच. रोमच्या पुलावर ऑलिव्ह विकणारी बाई गोड बोलून पोट भरेल होय? त्यामुळे त्या दिवशी दफनाच्या भुयारात मी क्रेस्केन्स चिताऱ्यावर तुटून पडले, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

माझी धाकटी बहीण दिग्ना नुकतीच गेली होती. तिच्या थडग्यावरच्या भिंतीवर क्रेस्केन्सनं तिचं चित्र काढलं होतं: प्रार्थनेला उभी, दोन्ही हात पसरून वर केलेले. चेहरा अगदी तिचा, नाकावरच्या तिळासकट. पण हात?

"अहो, तिचा डावा हात लहानपणीच्या तापात लुळा पडला होता! नुसतं लाकूड. हे कुणाला रंगवलंत?"

"बाई, तुम्ही चेहऱ्याचं सांगितलंत. प्रार्थनेला हात सगळेच वर करतात, त्यात विचारायचं काय?"

वर तर दिग्नाही करायची. उजवा आपला आपण, डावा माझ्या तळहातावर. मी तिच्या डावीकडे उभी राहून तिच्या कोपराला टेकू द्यायची. माझा मात्र एकच हात वर, म्हणून बायका कुजबुजायच्या. कुजबुजोत मेल्या!

"गिलावा ओला आहे तोवर बोला," क्रेस्केन्स म्हणाला. "एकदा वाळला की माझ्या बापालाही पुसता यायचा नाही."

"पुसा! आई येतेय. तिला आपली लेक ओळखू यायला हवी."

आई आली. तिला कमी दिसतं, म्हणून दिवा घेऊन अगदी भिंतीला नाक लावलं. "हीच गं माझी," म्हणाली. मग दिवा डाव्या हाताकडे गेला आणि तिथंच थांबला.

"उर्बिके, हिचा हात कुणी धरलाय? तू तर चित्रात कुठं दिसत नाहीस."

"कुणी नाही, आई." मी म्हणाले. "तिचा तिनंच वर केलाय."

"केलास का गं, बाय माझी!" आई रडता रडता हसायला लागली. "देवा, तुझे उपकार रे बाबा."

क्रेस्केन्सनं हात पुसायला ओला फडका उचलला, चित्रातला. मी त्याचं मनगटच धरलं.

"खबरदार हात लावाल तर! आणि... देव तुमचं भलं करो."

आईनं हात वर केले, मीही केले. माझा उजवा सवयीनं दिग्नाच्या कोपराच्या उंचीवर अडला. मग तोही वर नेला.