सत्यभामेच्या डोक्यावरची चुंबळ

मी चुंबळ बोलतेय. बाई डोक्यावर ओझं घेते तेव्हा तिच्या टाळूवर कापडाचं वेटोळं असतं ना, तीच मी. बघणाऱ्याला ओझं दिसतं, फार तर बाई दिसते. माझ्याकडं कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्यासमोर बोलताना कुणी आवाज दाबत नाही.

माझा जन्म चौसाळ्याजवळच्या एका वस्तीवरचा. सत्यभामेनं विटलेल्या साडीच्या धडप्याला पीळ देऊन वेटोळं घातलं, जाड दोऱ्यानं शिवलं आणि ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यात मला खुपसलं. तेव्हापासून दिवाळी सरली की आम्ही कोल्हापूरकडं जातो आणि ऊस संपला की परततो. मोळी बांधायची, मी टाळूवर, माझ्यावर मोळी, आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं. टाळूला रग लागू नये, एवढंच माझं काम. पाठीला आणि ओटीपोटाला मी काय पुरणार?

सत्यभामेची गर्भपिशवी मी जन्मायच्या आधीच काढली होती. पंचविशीच्या आसपास असेल ती तेव्हा. त्यात नवल नव्हतं. आमच्या टोळीत तिच्या वयाची पिशवीवाली बाई शोधावीच लागली असती. पोरीचे कान टोचावेत तसं ते झालं होतं. दोन लेकरं झाली की पुढचं तेच.

उसाच्या फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळी आली तरी तेच कापड दिवसभर. घरी बसावं तर खाडा पडतो. मजुरी जाते आणि वर मुकादम दंड लावतो. मग अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. बाया शहरातल्या डॉक्टरकडं जातात. तिथं एकच उत्तर ठरलेलं, पिशवी काढा. बाईलाही वाटतं, बरं झालं, कटकट गेली.

सत्यभामेची लेक अंजू नेकनूरला दिलेली. पोर मोठी हसरी. फडात ती आईशेजारी तोडायची आणि नवरा रामेश्वर मोळ्या बांधायचा. दोन लेकरांनंतर तिचंही पोट दुखायला लागलं. सत्यभामा तिला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेली. हातातल्या कापडी पिशवीत भाकरी होती, भाकरीखाली मी होते.

डॉक्टरनं मशीनवर बघितलं आणि अंजूला सोडून सत्यभामेलाच सांगितलं, "पिशवीला सूज आहे. उद्या कॅन्सर झाला तर मला म्हणू नका."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर अंजू म्हणाली, "आई, गोळ्या घेऊन न्हाई का व्हायचं? मला लई भ्या वाटतंय."

"कावून भेतीस? माझी काढली, मी मेले का? आपल्या वस्तीवर कोन ऱ्हायलंय बिगरकाढीचं?"

"पर आई..."

"गप. कॅन्सर म्हनला त्यो. आईकलं न्हाईस का?"

ऑपरेशन झालं. उशी मिळाली नाही म्हणून सत्यभामेनं मला अंजूच्या मानेखाली सारलं. गुंगीत पोर रडत होती. माझं कापड भिजलं.

पुढच्या हंगामात अंजू आली ती निराळीच बाई होऊन. थंडीत सगळे शेकोटीला बिलगायचे, आणि ही पदर झटकत कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, बाहेर उभी राहायची. "आई, मला घाम कावून फुटतो गं?" सत्यभामा म्हणायची, "फुटतो बाय. मलाबी फुटायचा. सवं हुती." तिला खरंच तसं वाटत होतं. बाईचं अंग असंच असतं, अशी तिची समजूत.

एकदा मोळी घेऊन चढताना अंजूचा पाय फळीवरून सरकला. पडली ती गुडघाभर उंचीवरून, पण मनगट मोडलं. हाड नीट जुळलं नाही. त्यानंतर तिची तोड सुटली. रामेश्वरनं नेकनूरलाच मिळेल ते काम धरलं.

आणि मग यंदा सुनेचा नंबर लागला. सून म्हणजे सत्यभामेच्या लेकाची, बजरंगची बायको, स्वप्नाली. तेच दुखणं, तेच पांढरं. फरक एवढाच की दुखणं फडात वाढलं. अंगात ताप भरला, गावी न्यायला वेळच नव्हता. सत्यभामा तिला तिथल्याच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली, मी तिच्या काखेत. तिथल्या डॉक्टरीणबाईचं नाव उज्मा.

सत्यभामा आत शिरली आणि म्हणाली, "बाई, हिची पिशवी काढून टाका. दोन लेकरं झालीत."

उज्माबाईंनी मान वर केली. "कुठल्या तुमी?"

"बीडकडल्या."

"मीबी बीडचीच. बसा मावशी." मग त्या स्वप्नालीशी बोलल्या. कधीपासून दुखतं, पाणी किती पितेस, कापड कुठं धुतेस, सगळं विचारलं. तपासलं. "पिशवी चांगली आहे हिची. जंतू झालेत. गोळ्यांनी बरं होईल. नवऱ्यालाही घ्याव्या लागतील."

दारात उभा बजरंग दचकला. "मला कावून? मला काय झालंय?"

"तू घेतल्या नाहीस तर हिला परत होईल. घेणार का नाही?"

बजरंगनं मान डोलावली.

सत्यभामेचं मात्र समाधान होईना. "आन कॅन्सर झाला मंजी?"

"मावशी, तुमची काढली?"

"व्हय. लेकीचीबी. आमच्याकडं समद्यांचीच काढत्यात."

उज्माबाई सत्यभामेकडं वळल्या. "इथल्या गावातल्या बायकाही मी रोज तपासते. त्यांचीही पोटं दुखतात, त्यांनाही पांढरं जातं. पण तिशीच्या आत पिशवी काढलेली बाई इथं क्वचित सापडते. तोडीच्या टोळ्या आल्या की रांगेत सापडतात. तुम्हीच सांगा, दुखणं काय जिल्हा बघून होतं का? कधी खरंच काढावी लागते, नाही असं नाही. पण ते सगळं करून झाल्यावर, शेवटी. लेकीचं वय काय होतं? आता कशी आहे?"

सत्यभामेनं घाम सांगितला. मनगट सांगितलं.

"पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील. मग अवेळी म्हातारपण येतं. हाडं ठिसूळ होतात." त्यांनी हळूच विचारलं, "तिला आधी गोळ्या दिल्या होत्या का?"

सत्यभामा गोळ्या घेऊन उठली. वाटेत, स्वप्नाली पुढं चालत असताना, ती स्वतःशीच पुटपुटली, "पोरीनं इचारलंतं. इचारलंतं तिनं. म्या गप केलं."

काही दिवसांत स्वप्नाली उठून कामाला लागली. सगळ्यांना आनंद झाला. सत्यभामा मात्र सून हसली की तोंड फिरवायची. मोळी उचलताना पूर्वी ती काहीबाही गुणगुणायची, ते बंद झालं. तिची मान अशी ताठ झाली की मला वाटे, मोळीच्या वर आणखी कुणी बसलंय.

हंगाम सरला. टोळी चौसाळ्याला उतरली, पण सत्यभामा घरी गेलीच नाही. मला काखेत मारून तिनं नेकनूरची एसटी धरली.

अंजू ओट्यावर तांदूळ निवडत होती. सत्यभामा तिच्यासमोर बसली आणि पाणीही न पिता सगळं बोलून गेली. "तुझी काढायची गरज नव्हती गं. म्या तुला वडत नेलं."

अंजूचे हात थांबले नाहीत. "मला ठावं हाय."

"कुनी सांगितलं?"

"गेल्या साली सरकारी तपासनीला बाया आलत्या, त्यांनी. लई राग आलता तुझा. तुझे फोन उचलत नव्हते ते त्याच्यामुळंच."

"मंग बोलायचं तरी! शिव्या घालायच्या."

"घालनार हुते. मंग मनात आलं, तुझी काढली तवा तुला तरी कोनी काय सांगितलंतं?" अंजूनं सूप खाली ठेवलं. "राग गेला न्हाई, आई. थोडा हाय अजून. पर एक काम कर. शेजारच्या सोमनाथची बायको सोमवारी चाललीय पिशवी काढायला. तिची सासू माझं आईकत न्हाई. म्हनती, तुझ्या आईनंच तर तुला नेलतं, तिला काय कळत न्हाई का? तूच चल आन सांग तिला."

सत्यभामेचा चेहरा पडला. लेकीसमोर रडणं सोपं होतं. परक्या दारात, चार बायांसमोर, हे बोलायचं? ती उठली, परत बसली. मग पदर खोचून, मला काखेत घेऊन निघाली.

सोमनाथची आई दळण चाळत होती. सत्यभामा उंबऱ्यातूनच म्हणाली, "बाई, म्या शहाणपना केला आन माझ्या लेकीला तरनेपनी म्हातारी केली. तिचं मनगट बघा. मंग सुनेला कुटं न्यायचं ते न्या. पर आदी दुसऱ्या डाक्टरला दावा."

म्हातारी बरीच तडतडली. पण सोमवारी सासू-सून बीडच्या एसटीत चढल्या त्या दुसऱ्या डॉक्टरकडं जायला. सत्यभामा सोबत होती. तिथं त्या सुनेला औषधंच मिळाली.

आता मी अंजूच्या घरी आहे, पाण्याच्या माठाखाली. माझी शिवण उसवलीय. डोक्यावर मी टिकायची नाही. सत्यभामा महिन्यातून दोन-चार दिवस इथं राहते. अंजूनं तिला माफ केलं का, मला ठाऊक नाही. तिनं सांगितलेलं नाही आणि आईनं विचारलेलं नाही.

मी कापडाचं वेटोळं, माझं कोण ऐकणार? तरी सांगते. घरातली लेक-सून पोट धरून बसली आणि काही विचारू लागली, तर तिला गप करू नका. तिचं पुरतं ऐका, आणि दुसऱ्या डॉक्टरकडं न्या.

पहाटे अंजू घामानं जागी होते, ओट्यावर येऊन बसते. सत्यभामा मागोमाग येते आणि पदरानं तिला वारा घालत राहते. अंजू तिला थांब म्हणत नाही.