कबरींमागून आलेला जबाब

या, असे जवळ या. ती वेताची खुर्ची ओढा, नाहीतर पायरीवरच टेका, थंडगार आहे. आज तुम्हाला एका पहारेकऱ्याची गोष्ट सांगते. त्याला एकच काम होतं, गप्प बसायचं. आणि नेमकं तेवढंच त्याला जमलं नाही. प्रभूची कृपा, की जमलं नाही.

गोष्ट आमच्या सीडर फोर्कची, अलाबामातली. आमची काळी माणसं ज्या उन्हाळ्यात पहिल्यांदा घोळक्याने कोर्टात जाऊन मतदार म्हणून नाव घालायला लागली, त्या उन्हाळ्यातली. आजूबाजूची चर्चं जळत होती. सकाळी चुलीला लाकूड घालताना सहज वर बघावं, तर पलीकडच्या टेकडीवर धुराची काळी रेघ, आणि कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणावं, "बेथानी गेलं गं." कुणी जाळलं ते गावातल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत. ठाऊक नव्हतं ते फक्त शेरीफला.

आमचं गॅलिली चर्च तेवढं उभं होतं. पांढऱ्या फळ्यांचं, एका बाजूला जरा कललेलं, मागे आमच्या पूर्वजांच्या कबरी आणि तिन्ही बाजूंनी कापूस. तिथे रेव्हरंड क्लिओफस मेब्री प्रवचन करायचे. प्रवचन म्हणजे कसं? आधी साधं बोलणं, शेजारणीशी बोलावं तसं. मग बोलता बोलता शब्दांच्या टोकाला सूर चिकटायला लागायचा. मग ठेका. मग एक वेळ अशी यायची, की ते बोलतायत की गातायत हे त्यांनाही कळायचं नाही. ओळ अर्धी म्हणून ते थांबायचे, आणि उरलेली अर्धी आम्ही पुरी करायची. ती पुरी झाल्याशिवाय ते पुढे सरकायचे नाहीत. आमच्याकडे प्रवचन एकट्याने होतच नाही.

ती अर्धी ओळ सगळ्यांत आधी झेलायचे माझे काका, डीकन रॅन्सम थ्रेडगिल. डीकन म्हणजे चर्चचं सगळं बघणारे वडीलधारे. पुढच्या कोपऱ्यातल्या आडव्या बाकावर ते बसायचे, डोळे मिटून. रेव्हरंडच्या तोंडून शब्द सुटतो न सुटतो, तोच काकांचा खर्जातला जबाब, "होय प्रभू! म्हणा, रेव्हरंड!" ओझेलाकाकू म्हणायची, "हे झोपेतसुद्धा जबाब देतात. मी म्हणते, चादर सोडा, हे म्हणतात, आमेन."

काकांकडे एक रायफल होती. त्यांच्या वडिलांची. दाराच्या वर दोन खुंट्यांवर आडवी असायची. खारी मारायला, कोंबड्यांवर येणारा कोल्हा हाकलायला. आणि आणखी कशासाठी, ते घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. काका एवढंच सांगायचे, की गुलामी सुटली तेव्हा त्यांच्या आजोबांकडेही एक बंदूक होती. आधी तीच काढून नेली. मग मत नेलं. मग जमीन. "क्रम लक्षात ठेव पोरी," म्हणायचे. "गोरे तो विसरलेले नाहीत."

तर एका सकाळी शेरीफ आला. गाडीतून उतरला नाही, कोपर खिडकीबाहेर.

"काय रॅन्सम, कापूस कसा आहे?"

"बोंडं धरतायत, साहेब."

"बरं. हे बघ, सध्या वातावरण तापलंय. कुणाच्या हातून काही वेडंवाकडं व्हायला नको. तुम्ही सगळ्यांनी रविवारच्या आत बंदुका कोर्टात आणून द्यायच्या. जपून ठेवू. थंडी पडली की परत."

"गोऱ्यांच्याही घेताय का, साहेब?"

शेरीफ हसला. "त्यांना कुणाची भीती आहे?"

"तेच म्हणतोय साहेब. ज्याला भीती नाही त्याने द्यावी. मला आहे."

"कायदा मला शिकवू नकोस."

"नाही साहेब. पण देशाच्या घटनेत लिहिलंय, की लोकांना शस्त्र बाळगायचा हक्क आहे. त्यात नुसतं 'लोक' आहे. पुढे मागे काही नाही. माझा मुलगा त्याच देशासाठी बंदूक घेऊन समुद्रापार गेला, तेव्हा कुणी म्हणालं नाही की तू लोकांत मोडत नाहीस."

शेरीफने कोपर आत घेतलं. "रविवार," म्हणाला, आणि धूळ उडवत गेला.

गावातल्या बाकीच्या पुरुषांनी मात्र माना डोलावल्या. ब्रदर परव्हिस तर स्वतः कोर्टात जाऊन एक बंदूक देऊन आला. तिला घोडा नव्हता, आणि नळीत गांधीलमाशीचं घर होतं. "दिली बाबा," तो सगळ्यांना सांगत सुटला. "कटकट नको." मग एकेक जण तेच म्हणायला लागला, दिली, दिली. काका ऐकून घ्यायचे. त्यांना वाटलं, आपण आता एकटेच.

संध्याकाळी रेव्हरंड ओसरीवर आले. काकूने त्यांना पीच घालून भाजलेली गोड पोळी वाढली, कारण आमच्याकडे भांडायचं असलं तरी आधी खायला देतात.

"डीकन," रेव्हरंड म्हणाले, "तू बंदूक शेरीफला दे असं मी म्हणत नाही. पण देवाच्या घरात ती आणू नकोस. मी इतकी माणसं पुरली आहेत, की मला तिचा वाससुद्धा सोसत नाही."

"मग मी बाहेर बसेन, रेव्हरंड. कबरींमागे. रविवारी संध्याकाळी सगळं गाव आत असतं. त्यांना यायचं तर तेव्हाच येतील."

"आणि प्रवचन?"

काकांनी दारावरच्या खुंट्यांकडे बघितलं. काकूच बोलली, "मिस्टर थ्रेडगिल, तुमच्याकडे एक बंदूक आणि एक जीव. तुम्ही कुठे आहात हे त्यांना कळत नाही तोवरच तुमची ताकद. तुमच्या तोंडाला कुलूप लागेल का?"

"लागेल."

"लग्नात पाद्र्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधी 'होय' म्हणाला होतात."

"तेव्हा घाई होती," काका म्हणाले, आणि रेव्हरंडना हसताना घास लागला.

रविवार आला. ऑगस्टमधली ती संध्याकाळ मला आठवते ती एखाद्या आदल्या जन्मातली असावी तशी. सूर्य गेला होता, पण उजेड गेला नव्हता. तो कापसाच्या फुलांत राहिला होता, खालून वर येत होता. ओढ्यावरून धुकं उठून कबरींच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. मी गायकांच्या बाकावर खिडकीशी बसले होते, हातात पुठ्ठ्याचा पंखा. खिडकीतून बघितलं, तर काकांच्या टोपीची कड तेवढी त्यांच्या आईच्या दगडामागे दिसत होती. काजवे तिच्याभोवती असे फिरत होते, जणू तीही एक झुडूपच.

आत पुरुषांचे बाक रिकामे. परव्हिसची बायको, सिस्टर परव्हिस, म्हणाली, "आमच्यांचं पोट बिघडलंय." तिच्या मागची म्हणाली, "आमच्यांचंही." सगळ्या गावाचं पोट एकाच संध्याकाळी बिघडलं होतं. ओझेलाकाकू पंखा थांबवून म्हणाली, "भ्याले. आणि पोटावर ढकलतायत मेले."

रेव्हरंड उठले. मी वाट बघत होते की ते क्षमेवर बोलतील, नेहमीसारखे. पण त्यांनी बायबलमधल्या एका पडक्या नगराची गोष्ट काढली. तट ढासळलेला, वेशी जळलेल्या. लोक परत येऊन एकेक दगड रचतायत. आणि भोवती वैरी उभे, हसणारे, वाट बघणारे. हळूहळू सूर चिकटायला लागला. पंख्यांनी ठेका धरला. जमीन आमच्या तळव्यांखाली हलकी झाली, चर्च नांगर उचललेल्या होडीसारखं त्या उजेडात तरंगायला लागलं.

आणि तेवढ्यात मला रॉकेलचा वास आला.

खिडकीबाहेर, उतारावर, दिवे न लावता, इंजिन बंद करून एक ट्रक घरंगळत येत होता. त्याच्या मागे दुसरा. आवाज काहीच नाही, नुसत्या चाकांखालच्या खड्यांचा. रस्त्याच्या वळणावर ते थांबले. एक जण डबा घेऊन उतरला. मला ओरडायचं होतं, पण स्वप्नात होतं तसं झालं, तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. काकांची टोपी दगडामागे अजून खाली गेली. माणसं टप्प्यात येऊ देत, मग काय ते, असं त्यांनी ठरवलं होतं. एक बंदूक, दोन ट्रक. काका दिसले असते तर आधी ते गेले असते, आणि मग आम्ही सगळे, दारं बाहेरून लावून.

रेव्हरंडना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"एका हाताने," ते गात होते, "एका हाताने दगड रचत होते हो..."

"होय प्रभू," बायका म्हणाल्या.

"एका हाताने चुना लावत होते हो..."

"होय प्रभू!"

"आणि दुसऱ्या हातात..."

ते थांबले. ती ओळ तिथेच लोंबकळत राहिली. पुढचा शब्द आम्हा सगळ्यांना माहीत होता, पण त्या चर्चमध्ये, त्या आठवड्यात, तो उच्चारायची कुणाची छाती झाली नाही. पंखे थांबले. मी रेव्हरंडचा चेहरा बघितला. त्यांनी तो शब्द स्वतःसाठी ठेवला नव्हता. तो त्यांनी कुणाकडे तरी टाकला होता, आणि झेलणारा बाक रिकामा होता.

मग बाहेरून, कबरींमागून, धुक्यातून, खर्जातला आवाज आला.

"हत्यार, रेव्हरंड! हत्यार होतं!"

ओझेलाकाकूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मेला," ती म्हणाली. "माझा म्हातारा मेला."

रस्त्यावर डबा खाली आदळला. "कोण आहे रे तिकडे?" विजेरीचा झोत कबरींवरून सरकायला लागला. काका उभे राहिले. लपून आता काय उपयोग? रायफल खांद्याला लावून ते आपल्या आईच्या दगडाशेजारी ताठ उभे राहिले, आणि झोत त्यांच्या छातीवर येऊन थांबला.

तेव्हा कापसातून कुणीतरी म्हणालं, "म्हणा, रेव्हरंड!"

तो ब्रदर परव्हिसचा आवाज होता.

"आमेन!" ओढ्याकडून आला.

"होय प्रभू!" सीडरच्या झाडांतून.

"थांबू नका, रेव्हरंड!" तो तर थेट ट्रकच्या मागच्या खड्ड्यातून आला. बिघडलेल्या पोटांचे सगळे मालक तिथे होते. प्रत्येक जण एकटाच आला होता, प्रत्येकाने आपली खरी बंदूक लपवून ठेवली होती, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीच्यांनी दिली. शपथ घेऊन गप्प बसले होते. पण अर्धी ओळ पुरी होताना ऐकली आणि कुणालाच राहवलं नाही.

रेव्हरंडनी डोळे उघडले. त्यांना सगळं कळलं. त्यांनी दिवा विझवला नाही, आम्हाला बाकाखाली घातलं नाही. ते माझ्या खिडकीशी आले, चौकटीवर हात ठेवले, आणि पुढची ओळ सरळ बाहेर, त्या निळ्या उजेडात सोडली. तिचा जबाब चारही दिशांनी आला. माणूस एकही दिसत नव्हता. झाडं बोलत होती, कापूस बोलत होता, धुकं आमेन म्हणत होतं. विजेरीचा झोत इकडे वळला, तिकडे वळला, आणि मग त्याला कुठे वळावं तेच कळेना.

गोळी एकही सुटली नाही. डबा परत ट्रकमध्ये गेला. ट्रक उलटे चढावर गेले, आणि प्रवचन पुरं झालं. अर्धं टाकायची आमच्याकडे रीत नाही.

नंतर काका कबरींमध्ये खाली बसून रडत होते. "माझ्यापायी सगळे मेले असते," म्हणत होते. काकू त्यांचे डोळे आपल्या रविवारच्या झग्याच्या टोकाने पुसत होती आणि शिव्याही देत होती. "एवढंसं तोंड, ते मिटत नाही तुमच्याने!"

रेव्हरंड त्यांच्या शेजारी ओल्या गवतात बसले. "डीकन, तू आत ये," म्हणाले. "आणि बंदूकही येऊ दे. मी चुकलो. ज्यांचं घर जळतं त्यांनाच रिकामे हात ठेवायला सांगत होतो."

काकांनी मान हलवली. "नको. रॉकेल आतल्यांना शेवटी कळतं, रेव्हरंड. आणि तुमचा आवाज इथूनही येतो."

सोमवारी शेरीफ आला तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर सगळे बसले होते, मांडीवर आपापली बंदूक, नळ्या आभाळाकडे. त्याने गाडीतूनच बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पाणी मागितलं. परव्हिसने आणून दिलं. ते पिऊन तो कापसाचं विचारून गेला. बंदुकांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, आणि त्या शरद ऋतूत आम्ही कोर्टात गेलो तेव्हा वाटेत कुणी आडवं आलं नाही.

काका पुढे कितीतरी वर्षं चर्चच्या भिंतीबाहेर बसले. धोका गेला, रस्ता पक्का झाला, तरी बसले. पावसात छत्री घेऊन, थंडीत काकूची गोधडी घेऊन. शेवटी शेवटी बंदूक उचलवत नव्हती, तर ती परव्हिसचा मुलगा धरायचा आणि काका नुसते ऐकायचे. त्यांना पुन्हा आतला बाक मिळाला तो पेटीत निजल्यावरच. तोवर रेव्हरंड म्हातारे झाले होते, आवाज फाटला होता. त्या दिवशी त्यांनी ओळ अर्धी सोडली आणि आम्ही कुणीच बोललो नाही. ती जागा काकांचीच होती.

आता उजेड चाललाय, तुम्हालाही निघायचं असेल. एवढंच मागते. तुमच्या गावात, तुमच्या देवाच्या घरात, तुम्ही निर्धास्त डोळे मिटून गात असाल, तेव्हा भिंतीच्या बाहेरच्या बाजूला जे कुणी बसलेलं असतं त्याच्यासाठी एक श्वास थांबा. त्याचं नाव माहीत नसेल तर माझ्या काकांचं घ्या. रॅन्सम थ्रेडगिल. त्यांची आठवण ठेवा.