बुक्क्याची वाटी आणि रमीची जाहिरात

कीर्तनात पूर्वरंग संपला की थोडी उसंत असते. निरूपण झालेलं असतं, आख्यान लागायचं असतं. पेटी-तबल्यावर भजन चालू राहतं, कीर्तनकारांना हार घालतात आणि कुणीतरी वाटी घेऊन सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावत फिरतं. ही उसंत रिकामी असते असं ज्याला वाटतं, त्याने कीर्तन ऐकलेलंच नाही. अशाच एका माणसाने मला फोनवरून समजावलं की तिथे छान जागा आहे. कशाला? तर जाहिरातीला!

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर रागाच्या भरात काहीतरी राहून जाईल.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये यमुनाबाई वर्षानुवर्षं कीर्तन करायच्या. मी मंदाकिनी, त्यांच्यामागे झांजा धरणारी. गेल्या वर्षी बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि गाता आवाज गेला. आता कुजबुजल्यासारखं बोलतात. ऑपरेशनच्या आधी माझ्या भाचीने, अक्षताने, त्यांचं एक अख्खं कीर्तन माझ्याच घरात रेकॉर्ड करून घेतलं. खिडक्यांना गोधड्या लावल्या, कुकरला रजा दिली. अक्षता कॉम्प्युटरवरचे गेम बनवते. कुठल्या कंपनीत नाही, एकटीच. चित्रं तिची, प्रोग्रॅम तिचा, डोळ्यांखालची काळी वर्तुळंही तिचीच.

त्या कीर्तनाचा तिने गेम केला. मला आधी धडकीच भरली, बाईंना उड्या मारायला लावते की काय! पण तसं नव्हतं. गेममध्ये आपण श्रोता असतो. कीर्तन ऐकायचं, भजनाला ठेक्यात टाळ्या द्यायच्या, आणि उसंतीत वाटी घेऊन हॉलभर फिरून एकेकाला बुक्का लावायचा. खांबाजवळ एक आजोबा पेंगत असतात, त्यांना हळूच उठवायचं. एक पोरगी तोंड चुकवून पळते. कुणी एक जरी राहिलं तरी बाई आख्यान सुरू करत नाहीत, हसत वाट बघतात. खऱ्या यमुनाबाई अगदी अशाच.

अक्षताने गेम इंटरनेटवरच्या दुकानात विकायला ठेवला. विंडोजवर चालतो, मॅकवर चालतो, लिनक्स म्हणून आणखी काही असतं त्यावरही चालतो. कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईने तो विकत घेतला, खेळली आणि विचारलं, ही काळी पूड कुठे मिळेल? मी बुधवार पेठेतून पुडी आणली. अक्षता म्हणाली, "मावशी, कस्टमवाले अडवतील." म्हटलं, अडवू देत, त्यांनाही लावा म्हणावं.

पण आमच्या मंडळींचं काय? कॉम्प्युटर कुणाकडे आहे? खुद्द बाईंकडे फोन. ज्यांच्यासाठी त्या आयुष्यभर उभ्या राहिल्या, त्यांच्यापर्यंतच हे शेवटचं कीर्तन पोचत नव्हतं. म्हणून बाणेरच्या एका कंपनीने विचारलं, "फोनवर आम्ही आणतो, लोकांना फुकट देतो, अक्षताला पैसे आम्ही देतो," तेव्हा मीच आधी पेढे आणले. सह्या करण्यापूर्वी त्यांनी नमुना पाठवला. तो घेऊन आम्ही दोघी दुपारी बाईंकडे गेलो.

बाईंनी चष्मा पुसला, फोन दोन्ही हातांत धरला. पूर्वरंगात स्वतःचा आवाज ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. उसंत आली. बाईंनी वाटीसाठी बोट पुढे केलं आणि फोन किंचाळला! कुणी चकचकीत बाई नाचत, पत्ते उडवत, रमी खेळा म्हणून ओरडू लागली. खाली लिहिलेलं होतं, 'जाहिरात पाहा, सर्वांना बुक्का मिळवा.' नाच संपला आणि हॉलमधली सगळी कपाळं एका दमात काळी झाली.

बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग पुटपुटल्या, "मंदा, ते आजोबा अजून झोपलेलेच आहेत गं. त्यांना कुणी उठवलंच नाही."

अक्षता खिडकीबाहेर बघायला लागली. मी मात्र तिथेच कंपनीच्या सौरभला फोन लावला.

"काकू, चिल! तो नॅचरल ब्रेक आहे. स्टोरी थांबलेली असते, युजर फ्री असतो."

"युजर फ्री नसतो. युजरच्या हातात वाटी असते."

"पण त्यात गेमप्ले काहीच नाहीये ना! नुसतं कपाळाला बोट लावायचं. लोक बोअर होतात."

"तुम्ही देवळात जाता का?"

"जातो ना, दगडूशेठला."

"तिथे गाभाऱ्यात पत्ते मांडले तर चालेल का? तेवढीच गर्दी बोअर होणार नाही."

तो हसला. हसला! म्हणाला, "काकू, जाहिरात नको तर रेव्हेन्यू कुठून येणार? फोनवर कुणी गेम विकत घेत नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून राग आणखी चढला. तेवढ्यात बाईंनी माझी बाही ओढली. "त्याला सांग, आमच्याकडे तिकीट कधी होतं? शेवटी आरतीचं ताट फिरतं. ज्याला टाकायचं तो टाकतो."

मी सांगितलं. सौरभ म्हणाला, "ताट यायच्या आधीच लोक उठून जातील, काकू."

"आमच्याही हॉलमधून उठतात. म्हणून बाईंनी कधी मध्येच जुगाराचा डाव मांडला नाही."

फोन मी ठेवला. सही अक्षताने केली नाही. पेढ्यांचा रिकामा पुडा मात्र माझ्याकडे बघत होता. पोरीने पुन्हा महिनोन्महिने एकटीने खपून फोनसाठी गेम केला. गेम फुकट, जाहिरात नाही, वाटी बाईंच्या हिशेबाने एकेकाला. आणि शेवटी आरती झाली की ताट समोर येतं. वाटेल ती रक्कम टाका, नाहीतर नुसतीच आरती घ्या. ताट पुढे जातं, कुणी काही म्हणत नाही.

एकादशीला दुपारी हॉलमध्ये सगळ्याजणींना फोन घेऊन बोलावलं. बाई पुढे खुर्चीत. सगळ्या मिळून ठेक्यात टाळ्या देत होत्या, पळणाऱ्या पोरीला पकडताना ओरडत होत्या. आख्यानाला तर डोळे पुसणंही सुरू झालं. मग आरती. एकेकीच्या फोनवर ताट आलं, आणि माझ्याच शेजारच्या शालूवहिनींनी फोन पर्समध्ये टाकला, चप्पल पायात सरकवली आणि निघाल्या.

मी दारात जाऊन उभी राहिले.

"अहो शालूवहिनी, झालं नाही अजून."

"मला भाजी आणायचीय. आणि फुकट आहे म्हणालात ना?"

"ऐकणं फुकट आहे. आत्ता डोळे कुणाचे वाहत होते?"

"चांगलंच होतं हो कीर्तन. पण फोनमधल्या ताटात कुणी पैसे टाकतं का? दिसत नाहीत, वाजत नाहीत!"

"अक्षता तरी कुठे दिसत होती तुम्हाला, वर्षभर काम करत होती तेव्हा?"

सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. बाई खुर्चीतून कुजबुजल्या, "मंदा, जाऊ दे तिला. ताट पुढे आलं तिच्या, माझं काम झालं."

बाईंचं झालं असेल. माझं नव्हतं. मी दारातून हलले नाही.

शालूवहिनींनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पर्समधून फोन काढला. ताट अजून तिथेच होतं, निरांजन हलत होतं. चप्पल पायातून काढून त्यांनी सवयीने काचेवर दोन्ही तळवे धरले, ते कपाळाला लावले, आणि पर्स चाचपडत मला दरडावून विचारलं,

"अहो, सुट्टे नसले तर चालतं का यात?"